भर नि घोट, भर नि वोत

फेबियन मच्याडोंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, आणि पापडीपासून आगाशीपर्यंत लोक त्यांना ओळखतात ते दारूच्या गाण्यामुळे. लग्नाच्या मांडवात ते घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मडक्यासारखं वाद्य, घेऊन शिरले की कोणीतरी हमखास भरलेला ग्लास पुढे करतो. काका हात जोडतात, लिंबू-सोडा मागतात. देणाऱ्याला वाटतं, काका घरूनच घेऊन आलेत, आता पोटात जागा नाही.

मी त्यांच्या वाडीला लागून राहतो. लहानपणापासून पाहतोय. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात ते फिटर होते. कामावरून आले की केळीला पाणी सोडायचे, मोगऱ्याच्या कळ्या खुडायला लविनाकाकींना हातभार लावायचे आणि शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मांडवात गायचे. निवृत्त झाल्यावर गाणंच तेवढं उरलं. आता सत्तरी उलटली आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे.

गाणं असं:

*भर नि घोट, गड्या, भर नि घोट,*
*तळ दिसू दे रं, तळ दिसू दे.*
*पाय माझं कुठं, कोनी नेलं?*
*दिवा दिसतो नि दार कुठं गेलं?*
*तळ दिसू दे रं, तळ दिसू दे.*

पूर्वी वसईच्या खाडीतून मीठ, विटा, भाजीपाला घेऊन शिडाचे मचवे मुंबईला जायचे. त्या मचव्यांवरच्या खलाशांचं हे गाणं, असं सगळे सांगतात. मुंबईहून परत आले की खलाशी माडीच्या दुकानात बसायचे आणि तिथे हे म्हणायचे. तळ दिसू दे, म्हणजे ग्लासाचा तळ दिसू दे, एका दमात रिकामा कर. पाय कुठं गेले, कारण प्यायलेल्या माणसाला पाय कळत नाहीत. घरातला दिवा दिसतो, पण दार काही सापडत नाही. यात न समजण्यासारखं काय आहे?

काकांना या गाण्याची सगळी रूपं पाठ होती. नंदाखालच्या बायका त्यात सासूला आणतात, ‘दिवा दिसतो नि सासू कुठं गेली’. भुईगावला ‘गड्या’च्या जागी नवऱ्या मुलाचं नाव घालतात. मच्छीमारांच्या वस्तीत ‘तल दिसू दे’ म्हणतात आणि शेवटची ओळ इतकी लांबवतात की वाजवणाऱ्याचा हात दुखतो. विरारच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने तर मधे हिंदी कडवं घुसवलं आहे. कोणी काकांना चुकीचं म्हणतोय असं सांगितलं की ते म्हणायचे, “चुकीचं काही नसतं रे. ज्याचा मांडव त्याचं गाणं.”

पण काकांची खरी ख्याती होती ती चालीची. गाण्याची चाल नव्हे, पायांची. ‘पाय माझं कुठं’ आलं की ते घुमट दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि मांडवाच्या मधोमध प्यायलेल्या माणसासारखे चालून दाखवायचे. उजवा पाय बाहेरच्या बाजूला फेकायचा, तो टेकला की अंग कलायचं, मग हात हवेत काहीतरी धरायला जायचा आणि शेवटच्या क्षणी तोल सावरायचा. ‘भर नि’ आणि ‘घोट’ यांच्या मधे ते एक उचकी द्यायचे. लोक पोट धरून हसायचे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्याचं रील केलं आणि ते इतकं पसरलं, की ज्यांनी वसई कधी पाहिली नाही अशी मुलंही ती उचकी देऊ लागली.

ती चाल त्यांनी वडिलांकडून उचलली होती.

वडील म्हणजे पास्कू मच्याडो. मिठाच्या मचव्यावर गडी होते. काकांना आठवतात ते मात्र ओट्यावर बसलेले, प्यायलेले, उजवा पाय वाकडा झालेले. मचव्याच्या फळीवरून दारूच्या नशेत पडले आणि पाय मोडला, असं गावात सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी ते हेच गाणं म्हणायचे, पण अगदी संथ, आणि म्हणताना दोन्ही हातांनी खालून काहीतरी वर उचलल्यासारखं करायचे. गल्लीतली पोरं त्यांच्या मागे तशीच लंगडत चालायची. लहानगा फेबियन घरात जाऊन बसायचा. वयाच्या बाराव्या वर्षी त्याने चर्चमध्ये, आल्तारासमोर, स्वतःशीच ठरवलं की आपण हे कधी प्यायचं नाही. ते त्याने पाळलं. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी, कारखान्याच्या स्नेहसंमेलनात कोणीतरी काहीतरी करून दाखव म्हणाला, तेव्हा त्याने हे गाणं म्हटलं आणि वडिलांची चाल चालून दाखवली. अख्खा कारखाना हसला. काका मला एकदा म्हणाले होते, “त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की लोक बाबांना हसत नाहीत, मला हसतायत. बरं वाटलं.”

मागच्या वर्षी फेब्रुवारीत काकांना खाडीकाठच्या एका गावातून हळदीचं बोलावणं आलं. घर भातशेती आणि मिठागरं करणाऱ्यांचं, आता मुलं नोकरीला. नवरी मुलगी ऋतिका बँकेत होती आणि तिने ते रील पाहिलं होतं. “आमच्या आजोबांना जुनी गाणी आवडतात,” ती फोनवर म्हणाली. “ते पण होते मचव्यावर, तरुणपणी.”

मीही गेलो होतो, घुमट सांभाळायला. संध्याकाळची वेळ, दारात मोठा मांडव, मुलींचे गाल पिवळे. आजोबा पुढच्या खुर्चीत बसले होते. जयराम त्यांचं नाव. पंच्याऐंशीच्या आसपासचे, पण पाठ ताठ. काकांनी गाणं सुरू केलं तसे आजोबांनी डोळे मिटले आणि मान हलवू लागले. मग काका उठले, घुमट माझ्याकडे दिलं आणि चालायला लागले.

आजोबांनी डोळे उघडले. काकांच्या पायांकडे पाहिलं. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले, मांडवाच्या मधे आले आणि काकांचा दंड धरला.

“थांब. ही चाल कोनाची?”

वाजवणारे थांबले. काकांना वाटलं म्हाताऱ्याला नाचायचंय. ते हसून म्हणाले, “ही दारूड्याची चाल, आजोबा.”

“दारूड्याची नाय. ही पास्कूची चाल. तू पास्कूला कुठं बघितलास?”

“मी पास्कूचाच मुलगा.”

जयराम आजोबांनी हात सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी जवळून पाहत होतो. समोरच्याला आपली भाषाच कळत नाही हे लक्षात आल्यावर होतो तसा चेहरा होता.

“पास्कूचा पोर,” ते म्हणाले, “आनि बापाचा पाय नाचून दाखवतोस?”

आणि ते घरात निघून गेले. ऋतिका धावत आली, सॉरी काका, आजोबांचं वय झालंय, मनावर घेऊ नका. कोणीतरी डीजेला खूण केली. हळद पुढे चालू झाली.  परतीच्या रिक्षातून घराशी उतरताना काका म्हणाले, “घुमट तुझ्याकडेच ठेव थोडे दिवस.”

लविनाकाकींनी दोन दिवस वाट पाहिली. काका जेवत होते, केळीला पाणी देत होते, पण गुणगुणत नव्हते, आणि त्या घरात गुणगुण नसणं म्हणजे पंखा बंद पडल्यासारखं. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “म्हातारा काय बोलला ते डोक्यात घोळवत बसण्यापेक्षा त्यालाच जाऊन विचारा ना.”

“काय विचारू?”

“तो जे बोलला त्याच्या पुढचं.”

काका गेले. मला सोबत नेलं, कारण मला रस्ता माहीत होता. लग्न आटोपून गेलं होतं, मांडवाचे बांबू अजून अंगणात रचून ठेवले होते. जयराम आजोबा जांभळीखाली बसून जाळ्याचा जुना तुकडा उसवत होते, नुसता हाताला चाळा म्हणून. काकांना पाहून त्यांनी सुनेला खुर्ची आणायला सांगितली. म्हणजे बसायला हरकत नव्हती.

“तुझा बाप त्या दिवशी पडला नाय,” त्यांनी सरळ तिथूनच सुरुवात केली. “आमी एका मचव्यावर व्हतो. मी तवा वीस वर्साचा.”

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. खाडीतल्या मिठागरातून मीठ भरून मचवा दुपारी निघाला. गोण्यांची थप्पी वरपर्यंत. खाडीच्या बाहेर पडल्यावर वारा फिरला आणि लाटांच्या माऱ्याने तळाच्या फळ्यांमधला एक सांधा सुटला. पाणी आत यायला लागलं. मीठ भिजलं की विरघळतं, पण त्याआधी ते पाणी पिऊन शिशासारखं जड होतं. मचवा खाली बसत चालला. तांडेलाने, म्हणजे मचवा हाकणाऱ्याने, शीड फिरवलं आणि परत किनाऱ्याकडे धरलं. बाकीचे गडी डबे घेऊन पाणी उपसायला उभे राहिले.

“पानी उपसायचं तर एका तालात उपसायला लागतं,” आजोबा म्हणाले. “नायतर एकाचा डबा दुसऱ्याच्या तोंडावर. म्हनून गानं. हेच गानं. पन तुमी म्हनता तसं नाय. ‘भर नि घोट’ नाय. भर नि वोत. डबा भर नि भायेर वोत. आनि तल दिसू दे, म्हंजे मचव्याचा तल. पानी सरलं की तलाच्या फल्या दिसतात. त्या दिसल्या की मानूस जगला.”

आजोबांनी जाळ्याचा तुकडा बाजूला ठेवला.

“पास्कू मधे उभा व्हता, सगल्यात खोलात. थप्पी घसरली नि गोनी त्याच्या पायावर बसली. पाय फलीत नि गोनीत अडकला. आमी काढायला गेलो तर वरडला, मला नको धरू, डबा धर. तसाच उभा राहिला. कंबरेपत्तर पानी. अंधार पडायला लागलावता. एक पोर रडायला लागला, तो म्हनाला आपन मेलो. तवा पास्कूनं गान्यात नवीन ओल काढली. ‘पाय माझं कुठं, कोनी नेलं?’ आमी हसलो. अरे, बुडत व्हतो नि हसलो! मग किल्ल्याकडचा दिवा दिसला, पन खाडीचं तोंड काय दिसंना. आमी खाडीच्या तोंडाला दार बोलायचो. तर त्यानं तेबी गान्यात घातलं.”

“दिवा दिसतो नि दार कुठं गेलं,” काका हळूच म्हणाले.

“आं. तेच.”

मचवा भरतीबरोबर कसाबसा बंदराला लागला. सगळी माणसं उतरली, पास्कूला उचलून उतरवलं. बंदरावर लोक जमलेले. त्यांनी समुद्रावरून येणारं गाणं ऐकलं होतं, हसणंही ऐकलं होतं. वाऱ्यात ‘वोत’चं ‘घोट’ व्हायला कितीसा वेळ लागतो? मीठ गेलं, मचवा फुटला, आणि मचव्याच्या मालकाला, शेठला, कारण हवं होतं. गडी झिंगलेले होते, पिऊन गाणी म्हणत होते, बंदरावरचे सगळे साक्षीला आहेत, असं तो म्हणाला. पास्कू नशेत पडला आणि पाय मोडून घेतला.

“आमी सांगितलं ना,” आजोबा म्हणाले. “ऐकतो कोन? गानं सगल्यांनी ऐकलंवतं. पानी कोनी बघितलंवतं?”

त्यानंतर माडीच्या दुकानात लोक ते गाणं पास्कूला चिडवायला म्हणायला लागले. आणि मग नुसतंच म्हणायला लागले.

निघताना आजोबांनी अंगणातला एक रिकामा पत्र्याचा डबा उचलला आणि काकांच्या हातात दिला. स्वतः समोर उभे राहिले, रिकाम्या हातांनी. “वाक. भर नि…” आणि ते थांबले. डबा पाण्याने भरलेला असावा तसे त्यांचे हात जड झाले, खांदे वर आले, श्वास आत गेला. “…वोत.”

काका डबा धरून वाकलेलेच राहिले. त्या मधल्या जागेत, जिथे माणूस श्वास घेऊन ओझं उचलतो, तिथे ते इतकी वर्षं उचकी देत आले होते.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपली. काकांना तसं वाटलं नाही. घरी आल्यावर ते म्हणाले, “म्हातारा खोटं बोलत नाही. पण साठ-पासष्ट वर्षं झाली. माणूस जे घडलं ते सांगतो आणि जे घडायला हवं होतं तेही सांगतो. आत्येला विचारतो.”

त्यांची आत्या क्लेमेंटीन, पास्कूंची धाकटी बहीण, भुईगावला दिलेली. नव्वदीला टेकलेली, कानाने कमी, पण बाकी सगळं जागच्या जागी. काका रविवारच्या मिस्सानंतर तिच्याकडे गेले. तिने चिकूची फोड हातात ठेवली आणि ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “वोत नाही. घोट.”

“आत्ये, तुला नक्की आठवतं?”

“माझ्या लग्नात आमच्या बापाने म्हटलेलं. पास्कूचा पाय तेव्हा धड होता, तोच मला घोड्यासारखा पाठीवर घेऊन नाचला. भर नि घोट, गड्या, तळ दिसू दे. दारूचंच गाणं ते, पहिल्यापासून. खलाशी लोक पाणी उपसताना काय नवीन गाणं बसून लिहितील? तोंडात आहे तेच म्हणतील. घोटचं वोत केलं असेल.”

काकांच्या लक्षात आलं. म्हणजे बंदरावरच्या लोकांनी चुकीचं ऐकलं नव्हतं, निदान गाणं तरी. त्यांनी त्यांना माहीत असलेलं दारूचं गाणंच ऐकलं.

“आणि पाय माझं कुठं?” त्यांनी विचारलं.

आत्येने कपाळाला आठी घातली. स्वतःशीच दोनदा गाणं म्हणून पाहिलं, ओठ हलवत. “ते नव्हतं,” ती म्हणाली. “बाप म्हणायचा त्यात पाय नव्हता नि दिवा पण नव्हता. भर नि घोट, तळ दिसू दे, मग नवरीच्या बापाचं नाव, परत तळ दिसू दे. पाय कुठून आला, मला नाही माहीत. मला वाटायचं तूच घातलास, हसवायला.”

“मी नाही घातला. बाबा म्हणायचे.”

“मग त्याचाच असेल.”

आत्येने आणखी एक चिकू चिरला. मग काकांनी जो प्रश्न जयराम आजोबांना विचारला नव्हता, तो विचारला. “आत्ये, बाबा त्या दिवशी प्यायले होते का?”

“प्यायचा तो. आधी कमी, नंतर फार. त्या दिवशी काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि तुला खरं वाटावं म्हणून मी काहीतरी सांगणार नाही.” तिने चिकूच्या बिया ताटलीच्या कडेला सारल्या. “पण पाय चिरडलेला माणूस सरळ चालत नाही, एवढं मला ठाऊक आहे. त्याला प्यायला लागतंच असं नाही. तुझ्या आईनं पाय शेकला, मी पण शेकला. तू तेव्हा सहाचा. तुला दुसऱ्या खोलीत ठेवायचो, जखमेचा वास यायचा म्हणून.”

ते सगळं काकांनी मला केळीच्या आळ्यात उभं राहून सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज एकदाच बदलला. “चाळीस वर्षं लोकांना हसवलं, ते बाबांच्याच दोन ओळींवर. बाकी गाण्यात हसण्यासारखं आहेच काय?”

मे महिन्यात आमच्याच गल्लीत कॅल्विनचं लग्न होतं. काका गाणार हे ठरलेलंच. लविनाकाकींनी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला, मी घुमट आणून दिलं. काका मांडवात खुर्ची मागून बसले आणि गाणं धरलं, पण संथ. इतकं संथ की वाजवणारे गोंधळले. भर नि, मग ती जागा, श्वास, मग वोत. लय चढवणं नाही, उचकी नाही. ‘पाय माझं कुठं’ आलं. सगळे मागे सरकून रिंगण करून उभे, मोबाईल वर. काका बसूनच राहिले. घुमटावर पंजा ठेवून त्यांनी ती ओळ म्हटली आणि पुढच्या ओळीला गेले.

“काका, चाला ना!” कोणीतरी ओरडलं.

“काका आज टाइट नाहीत!” दुसरा.

लोक हसले, जरासे. मागे बसलेल्या काही म्हाताऱ्या बायकांनी संथ तालात साथ धरली, त्यांना ती लय जवळची वाटली असावी. पण तरुण मुलं चुळबुळायला लागली, आणि त्यात त्यांचा काय दोष? ती नाचायला आली होती. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, सभ्य अशा. कॅल्विनने डीजेकडे पाहिलं. डीजेने लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि स्पीकरमधून काकांचाच आवाज आला. रीलमधला, जलद, खाली ठोके जोडलेला, उचकीसकट. अख्खा मांडव उसळला. ‘पाय माझं कुठं’ आल्यावर पंधरा-वीस पोरांनी एकदम उजवा पाय बाहेर फेकला, हात हवेत नेला आणि तोल सावरला. एकाचीही चाल चुकली नाही.

मी काकांकडे पाहायला धजलो नाही. लविनाकाकी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “बंद करायला सांगू का?”

“नको,” काका म्हणाले. “काय सांगशील? आवाज माझाच आहे.”

मग ते उठले, ताट घेतलं आणि सॉरपोतेल-पोळे व्यवस्थित जेवले. जेवताना नवरा-नवरीला आशीर्वादही दिला. घरी मात्र चालत न जाता रिक्षा केली, शंभर पावलांसाठी. काकींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं की ओट्यावर पाय सोडून बराच वेळ बसले होते, स्वतःचे पाय पाहत. रडले का, असं मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पावसाळ्यात त्यांचं जयराम आजोबांकडे जाणं सुरू झालं. आधी मी न्यायचो, मग ते एकटेच जायला लागले. आत्येचं म्हणणं त्यांनी आजोबांना सांगितलं तेव्हा आजोबा भडकले. “भुईगावची बाई काय सांगते मला मचव्यावरचं?” पण पुढच्या वेळी स्वतःच म्हणाले की आपल्या बापाच्या तोंडीही कधीकधी घोट असायचं, मचव्यात पाणी नसलेल्या सुक्या दिवसांत. आजोबांना आणखी कडवी येत होती. काका ती पाठ करायला बसायचे आणि वैतागायचे, कारण आजोबा एकच कडवं दर खेपेला वेगळं म्हणायचे. कधी त्यात वारा असायचा, कधी तांडेलाला शिवी, कधी कडवं अर्ध्यातच सोडून नुसतं भर नि वोत, भर नि वोत.

“यातलं खरं कुठलं?” काकांनी एकदा विचारलं.

“ते पानी किती हाय त्यावर,” आजोबा म्हणाले. “कमी असलं तर मस्करी सुचते. जास्त असलं की नुसतं भर नि वोत. तुला काय वाटलं, आमी लिवून आनायचो?”

हे काकांना फार पटलं. इतकी वर्षं ते म्हणत आले होते की ज्याचा मांडव त्याचं गाणं. आता म्हणतात, गाणं पाण्यावर असतं, मांडवात आपण ते उचलून आणतो. नंदाखालच्या सासूवर आणि विरारच्या हिंदी कडव्यावर त्यांचा अजूनही राग नाही. स्वतः घोट म्हणायचं की वोत, याचाही त्यांनी निकाल लावलेला नाही. एका मांडवात एक म्हणतात, दुसऱ्यात दुसरं, आणि कधी एकाच गाण्यात दोन्ही. चाल मात्र चालत नाहीत. कोणी बोलावणं घेऊन आलं की आधीच सांगतात, “मी बसून म्हणणार. आणि गाण्याआधी पाच मिनिटं एक गोष्ट सांगणार. चालत असेल तर बोलवा.” बऱ्याच जणांना चालत नाही. बोलावणी कमी झाली आहेत. काकी म्हणतात, बरं झालं, मोगरा वेळेवर खुडून होतो.

ज्यांना चालतं त्यांच्याकडे ते जातात. गेल्या जानेवारीत नंदाखालला एका मांडवात त्यांनी गोष्ट सांगितली. मिठाचा मचवा, सुटलेला सांधा, गोणीखाली अडकलेला पाय, रडणारा पोर आणि त्याला हसवायला काढलेली ओळ. आत्येचं म्हणणंही सांगितलं, काही न लपवता.  पुढच्या रांगेत चाळिशीची एक बाई बसली होती, रीमा नावाची, नवरीची मामी. तिने शाळेतल्यासारखा हात वर केला.

“पण मग तुमचे वडील त्या दिवशी प्यायले होते की नव्हते?”

मागून कोणीतरी तिला गप्प केलं. काकांनी घुमट मांडीवर नीट बसवलं, कातड्यावरून हात फिरवला.

“माहीत नाही, बाई,” ते म्हणाले. “सगळी माणसं परत आली, ते मात्र माहीत आहे.”

आणि मग त्यांनी वाजवायला घेतलं.